जुने मॅनेजर आपल्याबद्दल चांगलं बोलत नसतील, तर कंपनीतल्याच वरच्या जागेसाठी अर्ज करावा का?

तुमचा प्रश्न मला असा कळला: पाच वर्षं एकाच कंपनीत, त्यातली साडेतीन एकाच मॅनेजरच्या हाताखाली. त्यांनी कधी शाबासकी दिली नाही, रेटिंग कायम मधलंच. दीड वर्षापूर्वी तुम्ही डिपार्टमेंट बदललं आणि तिथे बरं चाललंय. आता टीम लीडची जागा आतल्या लोकांसाठी निघाली आहे आणि पॅनल जुन्या साहेबांना विचारणार, हे तुम्हाला माहीत आहे. अर्ज करावा का, आणि त्याआधी त्यांना भेटावं का?

दोन्हीला हो. पण भेटून काय मागायचं ते आधी ठरवा. मी चुकीची गोष्ट मागितली होती आणि त्यात माझं सव्वा वर्ष गेलं.

मी नागपूरजवळ बुटीबोरीला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. २०२१ मध्ये आमच्याकडे सेक्शन इन्चार्जची जागा निघाली. माझे आधीचे साहेब तेव्हा दुसऱ्या प्लांटला होते. मी त्यांना फोन करून म्हटलं, "सर, माझ्यासाठी दोन चांगले शब्द टाका ना." ते म्हणाले, "बघू." आता आपल्याकडे 'बघू'चा अर्थ लग्न जुळवताना बरोबर कळतो, ऑफिसात मात्र कळत नाही. मी तो होकार धरला. तीन आठवड्यांनी मेल आला की दुसरा उमेदवार जास्त योग्य वाटला.

मी तडक एचआरकडे गेले आणि विचारलं, "माझ्याबद्दल कोण काय बोललं?" बाईंनी तोंड मिटलं. बरोबरच होतं त्यांचं, त्या नावं कशाला घेतील? आठवडाभर धुसफुसले, मग परत गेले आणि एवढंच विचारलं की पॅनलला माझ्याबद्दल नेमकी कोणती शंका राहिली. ह्याचं उत्तर लगेच मिळालं: "काम पक्कं आहे, पण माणसं सांभाळता येतील की नाही, खात्री वाटली नाही."

ते वाक्य कोणाचं हे सांगायला नको होतं. आणि ते कुठून आलं तेही मला माहीत होतं.

२०१९ ची गोष्ट. सेकंड शिफ्ट, रात्रीचे पावणेअकरा, पुण्याला जाणारा ट्रक गेटवर लागलेला. मी सहज एक पीस उचलून प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायचा दांडा, लावला, तर त्याची नो-गो बाजू, जी आत जायलाच नको, ती बोअरमध्ये (भोकात) आरामात उतरली. म्हणजे बोअर मोठा झालेला. दुसरा पीस घेतला, तोही तसाच. मी अख्ख्या लॉटला लाल टॅग लावला आणि लोडिंग थांबवलं. पुढे सॉर्टिंगमध्ये ४१ पीस खराब निघाले, म्हणजे निर्णय बरोबर होता. पण त्या धावपळीत मी साहेबांना फोन केलाच नाही. त्यांना हे कळलं प्लांट हेडकडून, आणि प्लांट हेडना कळलं गेटवरच्या सिक्युरिटीकडून. दुसऱ्या दिवशी साहेब मला काही बोलले नाहीत. त्यानंतरही कधी त्यावर बोलले नाहीत. फक्त तेव्हापासून त्यांच्या लेखी मी 'कोणाला न विचारता करणारी बाई' झाले.

हे मी मुद्दाम लांबवून सांगतेय. 'साहेबांनी पाठिंबा दिला नाही' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मागे असा एक दिवस असतो. तुमचाही असेल, आठवून बघा. आणि त्या दिवशी त्यांचं थोडंसं तरी बरोबर होतं का, हेही. माझ्या बाबतीत होतं. एक फोन करायला अर्धा मिनिट लागला असता.

पण त्यांचं जे चुकलं तेही मला कामातूनच समजलं. आमच्याकडे प्रत्येक गेजवर, मायक्रोमीटरवर, व्हर्नियरवर, म्हणजे मापाच्या प्रत्येक साधनावर, कॅलिब्रेशनचा (ते माप बरोबर दाखवतं का ह्या तपासणीचा) स्टिकर असतो. मागचं कॅलिब्रेशन कधी झालं आणि पुढचं कधी करायचं, दोन्ही तारखा त्यावर. ड्यू डेट उलटली की ते गेज लाइनवरून उचलायचं. भले त्याचं रीडिंग बरोबर येत असेल, पण तपासून येईपर्यंत त्याच्यावर माल पास करायचा नाही. माझ्याबद्दलचं साहेबांचं रीडिंग २०१९ चं होतं. पॅनलने ते २०२१ मध्ये वापरलं. आणि त्यावर तारीख लिहिलेली नव्हती, कारण ती लिहायचं काम माझं होतं आणि मी 'दोन चांगले शब्द' मागत बसले होते.

दुसऱ्यांदा जागा निघाली २०२२ मध्ये. ह्या वेळी मी फोन केला नाही, त्यांच्या प्लांटला गेले. कँटीनमध्ये बसलो. पाठिंब्याचा विषयच काढला नाही. म्हटलं, "सर, मी परत अर्ज करतेय. तुम्हाला विचारतीलच. तुम्ही माझ्याबद्दल काय सांगाल, ते मला आधी ऐकायचंय."

त्यांनी चहा बशीत ओतला, निवांत एक घोट घेतला. "तुम्ही काम मस्तच करून राहिल्या, त्याच्यात वादच नाही. पण टीम? टीम नाही जमणार तुम्हाला. मी तेच सांगीन, खोटं कायले बोलू?"

मी वाद घातला नाही. खरं सांगते, डोळ्यात पाणी यायच्या बेतात होतं. पण मनात धरून आलेलं वाक्य बोलले: "सर, तो लॉट होल्ड केला तेव्हा मी तुम्हाला फोन करायला हवा होता. माझी चूक होती ती." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते तर जुनं झालं ना बाप्पा." मी म्हटलं, "हो ना सर. कोणी विचारलं तर एवढंच सांगा, की हे तेव्हाचं आहे आणि मागची दोन-तीन वर्षं तुम्ही माझं काम बघितलेलं नाही."

ह्याला ते नाही म्हणू शकत नव्हते. ते खरंच होतं. माझी अक्कल जी काय चालली ती एवढीच: मत बदला म्हटलं की माणूस अडतो. मताची तारीख सांगा म्हटलं तर अडायला जागा उरत नाही.

त्यांनी पॅनलला तसं सांगितलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. मी त्यावर विसंबलेच नव्हते. इंटरव्ह्यूत माणसं सांभाळण्याचा प्रश्न येण्याआधी मीच विषय काढला. म्हटलं, माझ्या आधीच्या साहेबांना माझ्या टीम सांभाळण्याबद्दल शंका आहे आणि २०१९ मध्ये त्या शंकेला कारण होतं. तो लॉटचा किस्सा दोन वाक्यांत सांगितला, स्वतःची चूक धरून. मग त्यानंतरचं: मागच्या वर्षी नाइट शिफ्टला चार नवीन ट्रेनी माझ्याकडे होते, चौघंही टिकले. कस्टमर ऑडिटच्या वेळी प्रॉडक्शनवाल्यांना सोबत घेऊन एट-डी रिपोर्ट (दोषाचं मूळ कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा अहवाल) बनवला, त्यावर त्यांच्या सुपरवायझरचीही सही आहे. तुम्ही त्या सुपरवायझरला आणि शिफ्ट इन्चार्जला विचारा. मुख्य म्हणजे ही दोन्ही माणसं मला रिपोर्ट करणारी नव्हती, माझ्या मर्जीतलीही नव्हती. उलट प्रॉडक्शनवाला तर माल अडवते म्हणून माझ्यावर कायम करवादलेला. त्याचा एक 'ठीक आहे' माझ्या मैत्रिणीच्या दहा 'उत्तम'पेक्षा भारी पडला.

आता मी स्वतः कधीकधी पॅनलच्या बाजूला बसते, म्हणून तिकडची बाजू सांगते. जुन्या मॅनेजरचं वाईट मत आम्ही लोक वाटतं तितकं मनावर घेत नाही. उमेदवार त्यावर काय करतो, ते बघतो. मागे एक चांगला हुशार मुलगा आला होता. पंचवीस मिनिटांच्या इंटरव्ह्यूत त्यानं आठ-नऊ मिनिटं जुन्या साहेबांनी कसा अन्याय केला त्याचंच पुराण लावलं. मला तर सगळं पटत होतं! तरी बाकीच्या दोघांनी पेन खाली ठेवले ते ठेवलेच.

सध्याच्या मॅनेजरना मात्र अर्ज टाकायच्या आधी सांगा. बऱ्याच कंपन्यांत अर्ज सिस्टीमवर पडला की त्यांना आपोआप मेल जातो. तो मेल तुमच्या तोंडी सांगण्याआधी पोचला, तर चांगला माणूसही दुखावतो. शिवाय तुम्ही गेलात की त्यांचं काम अडणार आहे, त्यांना तुम्हाला सोडायची हौस नाही. दीड वर्षाचा ताजा हिशोब फक्त त्यांच्याकडे आहे, म्हणून त्यांना आपल्या बाजूला ठेवा. दोन वर्षांची रेटिंग आणि केलेल्या कामांची अर्ध्या पानाची यादी त्यांच्या हातात द्या. पॅनलसमोर आयत्या वेळी कोणाला काही आठवत नसतं.

तुम्ही खाजगी कंपनीत आहात असं धरून मी लिहिलं. सरकारी खात्यात किंवा सार्वजनिक उपक्रमात असाल तर तुमचा हात बराच वर आहे. सीमा सडक अभियांत्रिकी सेवेत देव दत्त नावाचे एक कार्यकारी अभियंता होते. १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात त्यांना 'चांगला' असा शेरा मिळाला. दिसायला शेरा वाईट नाही, पण बढतीला 'अतिशय चांगला' लागत होता आणि हा शेरा त्यांना कधी कळवलाच नाही. बढती हुकली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की फक्त प्रतिकूलच नाही, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध दाद मागता येते. २०१३ च्या सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी हेच कायम केलं. केंद्राच्या नोकरीत अहवाल हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत म्हणणं मांडायचं असतं, तेवढे दिवस चुकवू नका. खाजगी कंपनीला हा निकाल लागू होत नाही. तिथे तुमच्या कंपनीची पॉलिसी आणि एचआरची माणुसकी, एवढंच.

आणि साहेब नुसते कोरडे नसून खरंच डूख धरून असतील, तर कँटीनच्या चहाचा उपयोग नाही. तेव्हा एचआरला अर्जाच्या आधी लेखी कळवा: तारीख, प्रसंग, मेल, विशेषणं नकोत. मत सध्याच्या मॅनेजरचं घ्यावं, एवढीच विनंती करा. तुम्ही बाई असाल आणि त्या रागामागे नको ती जवळीक नाकारल्याचं कारण असेल, तर मामला बढतीचा राहतच नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते, आणि प्रसंगानंतर तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते.

लोक तुम्हाला सांगतील, कशाला डोकं लावतेस किंवा लावतोस, सरळ पुण्याला जा. जायचं तर जा, पण साहेबांवर शेवटचे चार शब्द झाडून जाऊ नका. हिंगणा, बुटीबोरी, मिहान, नागपूरकडच्या ह्या तिन्ही औद्योगिक भागांतली माणसं फिरून फिरून तीच. ज्याच्यावर झाडलं तोच चार वर्षांनी दुसऱ्या कंपनीच्या पॅनलवर बसलेला सापडतो, नाहीतर चुलत सासऱ्याच्या घरच्या लग्नात पंगतीला शेजारी. माझे साहेब मला असेच भेटले, वर्धा रोडच्या एका हॉलमध्ये. बायकोशी ओळख करून देताना म्हणाले, "ह्या आमच्या मॅडम, ट्रक थांबवणाऱ्या." कौतुक होतं की टोमणा, मला कळलं नाही. मी हसून वांग्याची भाजी पुढे केली.

अर्जाची शेवटची तारीख तुम्ही लिहिली नाही. आठवड्याहून जास्त दिवस हातात असतील तर साहेबांना दोन-तीन दिवसांत गाठा, जेवणाच्या सुट्टीनंतर. महिनाअखेर असेल तर डिस्पॅच संपेपर्यंत थांबा, तेव्हा कोणाचंच डोकं जाग्यावर नसतं. संत्रा बर्फीचा डबा नेऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर तर हा विषय मुळीच काढू नका, त्याचे स्क्रीनशॉट फिरतात. आणि बोलणं झालं की गाडीत बसल्या बसल्या त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवा. घरी पोचेपर्यंत ते आपल्या डोक्यात दुप्पट वाईट झालेलं असतं.