तीन सांधे की तीन बिजागऱ्या?

प्रश्न असा आलाय: स्वित्झर्लंडमधल्या झालगिनाटोबेल पुलावरच्या लेखाचा अनुवाद करताना ‘थ्री-हिंज्ड आर्च’ला ‘तीन सांध्यांची कमान’ म्हटलं तर चालेल का?

नाही, ‘तीन बिजागऱ्यांची कमान’च म्हणा. गुडघ्याचा सांधा वाकतो, म्हणून शब्द जवळचा वाटतो खरा. पण बांधकामावर ‘सांधा’ म्हटलं की काल ओतलेलं काँक्रीट आणि आज ओतलेलं काँक्रीट जिथे भेटतं ती रेघ डोळ्यांपुढे येते, आणि तिथे सगळी धडपड असते ती दोन्ही एकजीव होऊन हलू नयेत यासाठी. दुसरा असतो प्रसरण सांधा, त्यात मुद्दाम फट सोडतात. बिजागरी या दोन्हींहून निराळी. दाराची बिजागरीच बघा ना: दाराचा भार चौकटीवर टाकते, दार जागचं सरकू देत नाही, फिरू मात्र देते.

स्विस अभियंते रोबेर मायार यांनी १९२९-३० मध्ये शिअर्स ते शूडर्स रस्त्यावर बांधलेल्या या पुलाचा गाळा, म्हणजे कमानीच्या दोन पायांमधलं अंतर, ९० मीटरचा आहे. कमानीच्या दोन्ही पायांशी एकेक आणि माथ्यावर एक अशा तीन बिजागऱ्या, म्हणजे कमानीचे तुकडे दोनच. ‘तीन सांधे’ वाचणारा मात्र चार तुकडे मोजत बसेल.

या बिजागऱ्या कशासाठी, तर उन्हाने काँक्रीट प्रसरण पावलं की माथा किंचित उचलला जातो, थंडीत खाली येतो. एखादा आधार थोडा खचला तरी दोन्ही अर्धे बिजागरीत जरासे वळून जुळवून घेतात आणि तडे जाण्याजोगा ताण साठत नाही. बिजागरीपाशी कमानीला वाकवणारा जोर नसतोच. गाडी एका बाजूला आली की तो जोर त्या अर्ध्याच्या मध्याजवळ वाढतो. म्हणूनच झालगिनाटोबेलची कमान तिथे वरून खाली मोजली तर सर्वात जाड आहे आणि पायांकडे, माथ्याकडे निमुळती होत जाते. हा आकार ‘बिजागरी’ शब्दानेच उलगडतो, ‘सांधा’ त्यातलं काहीच सांगत नाही. एवढंच, की लोखंडी पानं आणि खिळा इथे शोधू नयेत. काँक्रीटच्या बिजागरीत एका रेघेवर जाडी मुद्दाम कमी केलेली असते, तेवढ्यावरच ती वळते.

लिहिताना एक अनुस्वार सांभाळा. ‘तीन बिजागऱ्यांच्या कमानीचा पूल’ यात कमान एकच आहे. ‘कमानींचा’ केलंत की पुलाला अनेक कमानी फुटल्या! आणि ‘बिजागऱ्या’त ऱ्या हवा, र्या नको. दरीचं अनेकवचन दऱ्या, दर्या म्हणजे समुद्र. आल्प्सच्या वर्णनात ही चूक फार महागात पडते.

जाता जाता, तिथल्या जर्मन बोलीत ‘टोबेल’ म्हणजेच घळ, तेव्हा ‘झालगिनाटोबेलची घळ’ लिहिलं तर घळ दोनदा येते. ‘झालगिनाची घळ’ पुरे. शिवथरघळीमुळे शब्द आपल्या ओळखीचा आहेच. ‘दरी’ हा शब्द प्रेटिगाऊसाठी राखून ठेवा. शिअर्स गाव त्या दरीत आहे.