दिसायला सेम, गाणं वेगळं

प्रश्न: मी जर्मनीत राहते. इथल्या कुरणात उन्हाळ्यात दोन तपकिरी नाकतोडे दिसतात, अॅपवर फोटो टाकला की कधी कोर्थिपस ब्रुनियस येतं तर कधी कोर्थिपस बिगुटुलस. ओळखायचं कसं?

उत्तर: ताई, फोटोवरून ठरवणं खरंच अवघड आहे, कारण दोघांचे रंग इतके बदलतात, तपकिरी, हिरवट, करडा, की रंगावर अजिबात जाऊ नका. नराचा पुढचा पंख बघता आला तर बघा, बिगुटुलसमध्ये कडेचा भाग चांगलाच रुंद असतो आणि ब्रुनियसचा पंख अरुंद, लांबट. पण माझं ऐकाल तर सरळ कान द्या! ब्रुनियसचा नर एकदम छोटा 'झ्रिट' काढतो, थांबतो, दीड-दोन सेकंदांनी परत 'झ्रिट', आणि जवळ दुसरा नर असेल तर तोही मध्येच उत्तर देतो. बिगुटुलसचं गाणं दोन-तीन सेकंद चालतं, हळू सुरू होऊन चढत जातं, मग छोटा गॅप आणि पुन्हा. आवाज येतो मागच्या मांडीच्या आतल्या बारीक दातांची ओळ पंखाच्या शिरेवर घासून. ऊन असेल तेव्हाच ऐका, गारठ्यात लय मंदावते आणि गोंधळ होतो.

या गाण्यावरच मादी आपला नर ओळखते, म्हणून एकाच कुरणात राहूनही संकर फार कमी होतो. पेर्डेक या डच संशोधकांनी 1958 मध्ये हेच दाखवलं, प्रयोगशाळेत मात्र दोघांची संकरित पिल्लं झाली, आणि त्यांचं गाणं दोघांच्या अधलंमधलं निघालं! मला तर हे फार भारी वाटतं. पुढच्या वेळी फोटोऐवजी मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवा.