बटण निम्म्यात, शटर गप्प

प्रश्न : काका, माळ्यावरच्या पेटीत आजोबांचा घडीचा कॅमेरा सापडला. झाइस आयकॉन या जर्मन कंपनीचा सिग्नल नेट्टार ५१८/१६, प्रॉन्टर-एसव्हीएस शटरवाला (शटर म्हणजे फिल्मवर क्षणभर उजेड सोडणारी पाती). वरचं बटण निम्म्यात अडकतं. कधी शटर उडतं, पण बटण वर येत नाही. आत तेल सोडू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तेलाची बाटली आधी कपाटात ठेवा! विशीत मी आईच्या शिलाई मशीनचं तेल असंच एका शटरमध्ये सोडलं होतं. आठवडाभर फक्कड चाललं, मग तेल पात्यांवर पसरलं आणि पाती एकमेकींना चिकटून बसली.

तुमच्या कॅमेऱ्यात बटण अंगावर आणि शटर भात्याच्या, म्हणजे मधल्या घडीच्या पिशवीच्या, पुढच्या टोकाला. मधे नुसता दांडीचा सांधा. म्हणून दोष कुठल्या बाजूला आहे ते आधी ठरवू. शटरचा मधला एखादा वेग लावा, भिंगाच्या कडेचा खटका ओढून शटर ताणा आणि वरच्या बटणाला हात न लावता शटरवरचाच सोडायचा खटका दाबा. झटकन उडालं? मग शटर निर्दोष, दोष बटणाच्या बाजूला.

आता नावातला ‘सिग्नल’ आठवा. एकाच चौकटीवर दोन फोटो पडू नयेत म्हणून रोल सरकवल्याशिवाय बटण सुटत नाही. सरकला की वरच्या खिडकीत लाल ठिपका दिसतो. ‘बिघडलेले’ म्हणून माझ्याकडे आलेले कितीतरी नेट्टार हा ठिपका आलेला नसल्यानेच अडलेले होते. ठिपका असूनही अडत असेल, तर पुढचं झाकण पूर्ण उघडून आधार कट्कन बसलेत का बघा. नाही बसले, तर दांडी खटक्याला नीट भिडत नाही.

पण बटण वर येत नाही म्हणता, त्यावरून मला बटणाभोवती साचलेला मळ आणि सुकलेलं ग्रीस दिसतंय. टाचणीच्या टोकावर लायटरचं पेट्रोल घेऊन जेमतेम एक थेंब बटणाच्या कडेला लावा आणि वीसेक वेळा दाबा. भाता आणि भिंग जपा. विस्तवापासून लांब, खिडकी उघडी ठेवून.

शटरवरच्या खटक्यानेही रेंगाळत असेल, तर ते काम मेकॅनिकचं. ‘व्ही’ खुणेला, म्हणजे सेल्फ-टायमरला, तोवर हात लावू नका. तो मधेच अडकला तर शटर सगळंच बसतं. एक सेकंदाचा वेग लावून मोबाइलवर मोजा आणि किती लागले ते कळवा. पुढचं मग सांगतो.