निवृत्तीनंतर परदेशी चर्चची जुनी रजिस्टरं संगणकावर उतरवायचं काम घ्यावं का? पैसे मिळतात का, आणि आपल्या इंग्रजीवर ते जमतं का?

पैसे मिळत नाहीत. चहापुरतेही नाहीत. 'घरबसल्या जुनी रजिस्टरं टाइप करा, आधी दोन हजार भरा' असं कुणी सांगत असेल तर तो वेगळाच धंदा आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. इंग्रजीचं म्हणाल तर बॅप्टाइज्ड, बरीड, सन ऑफ, विडो, स्पिन्स्टर एवढ्या शिदोरीवर मी सात वर्षं काढली. फोनवर इंग्रजीत बोलायचं म्हटलं की मला अजून घाम फुटतो.

खरं तर तुमच्या प्रश्नाखाली जी एक ओळ आहे, 'यात आपल्या लोकांचा काय फायदा?', ती वाचून मी लिहायला बसलो. आमच्या दादाचं हेच वाक्य आहे, फक्त तो जरा जास्त चविष्ट बोलतो. मी साताऱ्याच्या शाहूपुरीतल्या घरात खिडकीशी भिंग घेऊन बसलेला दिसलो की दारातूनच म्हणतो, "घाला, गोऱ्यांची श्राद्धं घाला फुकट."

माझी नोकरी एका तालुका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. लाल रुमालातले गठ्ठे, वाळवी, आणि 'साहेब, आमच्या आज्याची नक्कल पायजे' म्हणत दारात उभी राहिलेली माणसं. ३१ मे २०१५ ला रिटायर झालो. ३१ मे वरून जाणकारांनी ओळखलं असेलच: कागदावर माझा जन्म १ जून १९५७ चा. आमच्या पिढीतली निम्मी खेडी १ जूनला जन्मली आहेत. त्या दिवशी कचेरीत आम्ही चौघं एकदम निघालो, हार कमी पडले.

तर काम असं. इंग्लंडात १५३८ पासून प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, पाद्र्याला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत लिहायचा हुकूम आहे. त्या वह्यांचे फोटो येतात, आपण एकेक ओळ एक्सेलमध्ये उतरवायची, मग ती फुकट शोधता येणाऱ्या यादीत जाते. फ्रीरेज (FreeREG) ही स्वयंसेवकांची वेबसाइट अशीच चालते. फॅमिलीसर्चही आहे. हिंदुस्थानातल्या गोऱ्यांच्या नोंदींसाठी फिबिस (FIBIS) ही संस्था आहे. आपल्याकडच्या पाद्र्यांनी लिहिलेल्या नोंदींच्या प्रती मुंबईहून लंडनला जायच्या, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आमच्या महाबळेश्वरला हवा खायला येऊन तिथंच मातीत गेलेले साहेब शोधायचे तर तिथं.

मी करतो त्या प्रकल्पाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं थोडं भांडण आहे.

पहिलंच रजिस्टर मिळालं ते १७४० च्या आसपासचं. पाद्री शाई वाचवणारा. विल्यमचं डब्ल्यू आणि वर टांगलेला एम. थॉमसचं नुसतं टी-एच-ओ-एस. बापाच्या नावाच्या जागी पानोपानी जे-एन-ओ. मी म्हटलं, हा जोनाथन. दोनशेच्या वर ओळी जोनाथन करून पाठवल्या. आठवड्यानं सगळी फाइल परत. तपासणाऱ्या बाई माझ्याहून वयानं मोठ्या असाव्यात. त्यांनी चारच वाक्यं लिहिली होती. जे-एन-ओ म्हणजे जॉन. पण तुम्ही जॉनही लिहू नका. वहीत जे आहे तेच लिहा. तुम्हाला काय वाटतं ते शेरा रकान्यात.

माझं डोकं फिरलं. एकतीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये घालवलेल्या माणसाला ही बाई नक्कल शिकवते! तीन आठवडे लॅपटॉप उघडला नाही. मग हिनंच एकदा भाजी निवडता निवडता विचारलं, "तुमच्या नकलेवर खाली कोण सही करायचं हो?" नक्कल करणाराची एक, रुजवात घेणाराची, म्हणजे मुळाशी ताडून बघणाराची, एक. मूळ कागदात 'सिताराम' ऱ्हस्व असेल तर नकलेत दीर्घ केलेला मी कुणाचा खपवून घेतला होता? नव्या पोरांना मीच झापायचो, 'तू व्याकरणाचा मास्तर नाहीस, नकलाकार आहेस' म्हणून. गप बसून दोनशे ओळी दुरुस्त केल्या.

आणि त्यातच तो जॉन भेटला. जे-एन-ओ आणि मेरी यांचा मुलगा जॉन, बाप्तिस्मा एका वर्षीच्या मे महिन्यात. पुढं दफनाच्या पानावर जॉन, इन्फंट, जानेवारी. वर्ष मात्र तेच! मे मध्ये नाव ठेवलं आणि त्याच वर्षी जानेवारीत पुरलं? उलगडा असा की १७५२ पर्यंत इंग्लंडात वर्ष बदलायचं २५ मार्चला. आपलं शक पाडव्याला बदलतं, महसुलाचं फसली साल मृगाला बदलायचं, त्यातलाच प्रकार. डिसेंबरनंतरचा जानेवारी जुन्याच सालात. पोर आठ महिन्यांचं होऊन गेलं होतं. दोन वर्षांनी त्याच जोडप्याला मुलगा झाला, त्याचंही नाव जॉन. गेलेल्याचं नाव पुढच्याला ठेवायची त्यांच्यात सर्रास रीत. मी सहज ऑनलाइन वंशावळी चाळल्या, तर कुणीतरी पहिल्या जॉनचा बाप्तिस्मा दुसऱ्या जॉनला चिकटवलेला. मेलेल्या पोराच्या वाढदिवसावर एक अख्खा वंश उभा. हात शिवशिवत होते, पण मी दोन्ही ओळी जशाच्या तशा उतरवल्या आणि शेऱ्यातही काही लिहिलं नाही. जोडाजोड करणं वंशजांचं काम, आपलं नाही.

आता दादा. १ जून ही तारीख मला दादानं दिली. त्यानंच बखोटीला धरून शाळेत नेलं, गुरुजींनी विचारलं, यानं सांगितलं, 'बसतोय सहा वर्षांत'. गुरुजींनी बसवला. आई मात्र नेहमी म्हणायची की माझ्या वेळेस शिमगा तोंडावर होता, थंडी सरत आली होती. म्हणजे फेब्रुवारी १९५८. नोकरीत लागल्यावर पाच वर्षांच्या आत जन्मतारीख दुरुस्तीचा अर्ज करता येतो, तेव्हा मला अक्कल नव्हती. पुढं सातवा वेतन आयोग लागला १ जानेवारी २०१६ पासून. फेब्रुवारी ५८ धरली असती तर मी आयोगात बसून रिटायर झालो असतो, ग्रॅच्युइटी नव्या पगारावर मिळाली असती. दादाला हे सांगितलं की तो म्हणतो, "शाळेत घातला नसता तर गुरं राखत बसला असतास, त्याची ग्रॅच्युइटी कोण देतंय?"

२०२३ ला कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली, तेव्हा कोतवाल बुकांवरची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वह्यांवरची, धूळ झटकली गेली. आमच्या मूळ तालुक्यातल्या एका ओळखीच्या कारकुनानं मला मोडी वाचायला बोलावलं. जुन्या बुकांचं काम झालं आणि गठ्ठ्यात खाली आमच्या गावचं १९५८ चं बुक निघालं, ते मोडीत नाही, बाळबोध लिपीतच. दुपारी जेवायचं सोडून मी पानं उलटली. ११ फेब्रुवारी. बापाचं नाव आमच्या वडलांचं. लिंग: पु. आणि मुलाच्या नावाचा रकाना कोरा.

कोराच असायचा. जन्माची वर्दी चार-दोन दिवसांत जायची, बारसं नंतर. मागाहून नाव घालायला कोतवाल कुठला परत येतोय.

मला वाटलं, सापडलो. दिवाळीत फोटो दादापुढं धरला. त्यानं चष्मा वर केला, बघितला, शांतपणे लाडू खाल्ला आणि म्हणाला, "हा तू न्हवंस. हा तुझ्या पाठचा. आठ दिवसांत गेला तो." आईची पाच बाळंतपणं झाली, एक मूल गेलं, हे घरात सगळ्यांना माहीत. कुठलं गेलं ते कुणी धड सांगत नाही. दादा पुरावा म्हणून हेळव्याचं नाव घेतो. बैल घेऊन यायचा तो, घराण्याची नावं म्हणायचा, त्यानं म्हणे 'चौथा गेला' असं म्हटलं होतं. आता दादाचं खरं धरलं तर मी ५८ च्या फेब्रुवारीच्या चांगलाच आधी जन्मलो, म्हणजे ५६ चा किंवा ५७ च्या सुरुवातीचा, आणि मीच सरकारची काही महिन्यांची चाकरी जास्त खाल्ली! त्या सालची मृत्यूची पानं बघावीत म्हणून मागं गेलो. वाळवीनं खालचा अर्धा भाग नेलेला, जाळीदार कागद हातात आला.

दादा, तू हे वाचशीलच, नातू दाखवेल. तुला ते पोर आठवत असेल तर नाव तरी सांग. आठ दिवसांत गेलं तर बारसं झालं नव्हतं, मग आईनं शेवटपर्यंत दर संक्रांतीला एक लाडू बाजूला ठेवला तो कुणासाठी? आणि ते आठवत नसेल तर शाळेतली तारीख मात्र पक्की कशी आठवली?

असो. प्रश्नकर्त्यांसाठी राहिलेलं.

सुरुवात १८१३ नंतरच्या रजिस्टरांनी करा. तेव्हापासून बाप्तिस्मा आणि दफनाचे छापील फॉर्म आले, त्यांच्या पानावर आठ नोंदी, अक्षरही बरं. सोळाव्या-सतराव्या शतकातलं अक्षर बघून मोडी वाचणारेही हात टेकतात. १७८३ ते १७९४ च्या नोंदींत नावापुढं नुसता 'पी' दिसला तर तो पॉपरचा. तेव्हा प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, गरिबाला माफ, त्याची ती खूण. मी आधी त्याला आडनावाचं आद्याक्षर समजलो होतो. डोळे तपासून घ्या. फॅमिलीसर्च मॉर्मन चर्चचं आहे, काहींना ते खटकतं, आधी माहीत असलेलं बरं. पानांचे फोटो मिळाले म्हणून व्हॉट्सअॅपवर टाकत सुटू नका, ते आपले नसतात.

मोडी येत असेल तर मात्र आधी इथल्या दफ्तरांकडं बघा, असं मीच म्हणेन. म्हणजे दादा काही अगदीच चुकीचा नाही. फक्त इथं फोटो काढून सातारच्या पेन्शनराला घरी पाठवणारी बाई नाही आणि तिथं आहे, एवढाच फरक.

आणि एक्सेलमध्ये तारखेचा रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्या. १९०० च्या आधीची तारीख ते तारीख धरतच नाही, आणि १७४१ साठी 'मे ४१' लिहिलंत तर स्वतःच्या मनानं १९४१ करून ठेवतं.