घरच्या गॅरेजमधल्या वर्कशॉपसाठी एअर कॉम्प्रेसर कोणता घ्यावा? २४ लिटरचा ऑइल-फ्री पुरेल का?

तुम्ही तीन कामं लिहिली आहेत: मोटरसायकल आणि कारच्या टायरात हवा, लाकूडकामाला नेलर (हवेच्या दाबानं खिळे ठोकणारी गन), आणि ‘कधीतरी थोडं स्प्रे पेंटिंग’. पहिल्या दोन कामांना २४ लिटरचा ऑइल-फ्री पुरून उरेल. गोची आहे ती त्या ‘कधीतरी’त.

मी स्वतः तिथंच फसलो. कोल्हापूरला उद्यमनगरात आमचं छोटं टर्निंगचं (लेथकामाचं) शॉप आहे. तिथं थ्री फेजवरचा मोठा कॉम्प्रेसर दिवसभर चालतो, त्यामुळे घरच्या शेडसाठी घेताना वाटलं, यातलं आपल्याला सगळं कळतं. टाकी बघितली, चाकं बघितली, ‘२ एचपी’ हे स्टिकर बघितलं आणि उचलून आणला. पहिलंच काम काढलं ते आईचं जुनं लोखंडी कपाट. अर्धं दार होईपर्यंत फवारा पंख्यासारखा सुरेख पडत होता. मग दाबाचा काटा ६ बारवरून ४ वर, ४ वरून ३ वर आला आणि रंगाच्या धुक्याऐवजी थेंब उडायला लागले. थांबलो. मशीन दोन मिनिटं बोंबलत राहिलं, काटा वर चढला, उरलेलं दार मारलं. तोवर पहिल्या हाताची कड वाळून गेली होती. तो जोड अजून दारावर दिसतो आणि आई पाहुण्यांना तो आवर्जून दाखवते.

चूक कुठं झाली? मी टाकीच्या आकाराकडे बघत होतो. गच्चीवरची टाकी आणि बोअरची मोटर डोळ्यासमोर आणा. मोटर बंद असताना नळ किती वेळ चालेल, हे टाकी ठरवते. पण नळ सतत उघडा ठेवला तर शेवटी प्रश्न एकच उरतो, बोअर मिनिटाला किती पाणी देते.

हिशोब करून बघा. टाकी ५० लिटरची. ८ बारला प्रेशर स्विच मोटर बंद करतो, ६ बारला पुन्हा चालू करतो. म्हणजे या दोन बारमध्ये तुमच्या हाताला लागते ५० गुणिले २, अशी १०० लिटर मोकळी (म्हणजे बाहेरच्या दाबाची) हवा. साधी ग्रॅव्हिटी गन (वर रंगाचा पेला असलेली) मिनिटाला २०० लिटर सहज खाते (एक सीएफएम, म्हणजे मिनिटाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, तर हे झाले ७ सीएफएम). कॉम्प्रेसर देतो मिनिटाला ११० लिटर. तूट ९० लिटरची. म्हणजे मोटर चालू असूनसुद्धा १०० लिटरची शिल्लक मिनिटभराच्या थोडं वर टिकते. २४ लिटरच्या टाकीत तीच शिल्लक अर्ध्या मिनिटात साफ. नंतर दाब घसरतच जाणार.

आता हे ११० लिटर कुठून आले? माझ्या मशीनच्या स्टिकरवर तर ७ सीएफएम होतं, म्हणजे दोनशेच्या आसपास. तर स्टिकरवर बहुतेक वेळा पिस्टनचं डिस्प्लेसमेंट छापलेलं असतं: सिलिंडरचं आकारमान गुणिले फेरे. हा कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात हेड (हवा दाबणारा पिस्टन-सिलिंडरचा भाग) गरम होतं, वरच्या मोकळ्या जागेत थोडी हवा दर वेळी अडकून राहते, व्हॉल्व्ह आणि रिंगमधून थोडी निसटते. कपलरमधून बाहेर येते ती खरी हवा, तिला एफएडी म्हणतात, फ्री एअर डिलिव्हरी. लहान मशीनमध्ये ती छापील आकड्याच्या दोन तृतीयांश मिळाली तरी बरं म्हणायचं. स्वस्तातल्या मालात निम्मीच. दुकानदाराला एचपी विचारू नका, ‘६ बारला एफएडी किती’ असं विचारा. तो गोंधळला तर त्यातूनही काय ते कळतं.

मग तुमच्या हत्यारांना किती लागते? नेलर एका खिळ्याला एक घोट घेतो आणि गप्प बसतो, त्याला लहान टाकीही चालते. टायरचं तेच, ३०-३५ पीएसआय म्हणजे जेमतेम सव्वादोन बार. खरं तर फक्त टायरच असते तर मी तुम्हाला गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारा पंप घ्या म्हणालो असतो. अर्धा इंची इम्पॅक्ट रेंचला (नटबोल्ट खोलणारं हवेवरचं हत्यार) दाब पूर्ण लागतो, पण तो पाच-सात सेकंदांच्या झटक्यात वापरतात, मध्ये टाकीला श्वास मिळतो. रंगाच्या गनचं मात्र तसं नाही, ट्रिगर दाबून ठेवलेला असतो. तिच्याहून खादाड म्हणजे हवेवरचा सँडर आणि डाय ग्राइंडर, ही घासायची हत्यारं. सिंगल फेजवरच्या घरगुती कॉम्प्रेसरवर सँडर चालवायचा विचार मनात असेल तर काढून टाका आणि विजेवरचा सँडर घ्या. स्वस्त पडेल आणि रडवणार नाही.

त्यामुळे माझं मत: रंगकाम खरंच करणार असाल, म्हणजे वर्षातून चार-पाच वेळा तरी, तर २ एचपीचा, पट्ट्यावर चालणारा, तेलाचा, ५० ते ७० लिटर टाकीचा घ्या, एफएडी ५ सीएफएमच्या खाली नको. आणि त्याला कमी हवेत चालणारी एलव्हीएलपी (लो व्हॉल्यूम लो प्रेशर) गन लावा, १.३ किंवा १.४ एमएम नोझलची. या गनला साधारण ४-५ सीएफएममध्ये निभावतं. मी कपाटानंतर आधी गन बदलली आणि अर्धा त्रास तिथंच गेला. कॉम्प्रेसर मग वर्षभरानं बदलला. रंगकाम म्हणजे वर्षातून एकदा कुंड्यांचा स्टँड एवढंच असेल, तर तुमचा २४ लिटरवाला घ्या आणि थांबत थांबत मारा. छोट्या वस्तूला जोड दिसत नाही.

तेल की ऑइल-फ्री? ऑइल-फ्रीचा फायदा म्हणजे हवेत तेल येत नाही, देखभाल जवळजवळ शून्य, आणि आडवा-तिडवा गाडीत टाकून नेता येतो. पण त्याची पिस्टनची रिंग कोरडी घासते. सलग चालवला की हेड तापतं आणि रिंग झिजते. दहा मिनिटं काम आणि दहा मिनिटं आराम, असा तो गडी आहे. तेलाच्या मशीनला जास्त सोसतं, फक्त तेल योग्य घाला: कॉम्प्रेसरचं, व्हीजी १०० ग्रेडचं किंवा मॅन्युअलमध्ये दिलंय ते. गॅरेजमध्ये उरलेलं गाडीचं इंजिन ऑइल ओतायचा मोह आवरा. गरम व्हॉल्व्हवर त्याची काजळी बसते. नव्या मशीनचं पहिलं तेल लवकर बदला, पन्नासेक तासांनी, कारण रिंग बसताना निघालेली धातूची पूड त्यात असते. माझं पहिलं तेल काढलं तेव्हा उन्हात धरल्यावर चंदेरी चमकत होतं.

आवाजाचा विचार लोक घरी आणल्यावर करतात. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटर मिनिटाला २८०० च्या आसपास फिरते आणि पिस्टनही तेवढ्याच वेगानं, म्हणून ते किंचाळतं. पट्ट्याच्या मशीनमध्ये मोठी पुली हेडला हळू फिरवते, तिथं आवाज ‘ढग ढग ढग’ असा येतो, जड पण सोसवणारा. ‘सायलेंट’ म्हणून मिळणारे दुहेरी हेडचे ऑइल-फ्री खरंच शांत असतात, शेजारी उभं राहून बोलता येतं. हवा मात्र किंमतीच्या मानानं कमी. तुमचं गॅरेज सोसायटीच्या पार्किंगमध्ये असेल तर मी कदाचित तोच घेईन आणि रंगकाम बाहेरून करून घेईन. दुपारी एक ते चार मशीन लावून शेजाऱ्यांशी वैर घेण्यात अर्थ नाही.

आता वीज. २ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना ९-१० अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. म्हणून तिला १६ अँपिअरचं स्वतंत्र पॉइंट हवं, २.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीवर, आणि एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) सी कर्व्हचा, म्हणजे सुरुवातीचा झटका सोसणारा. घरातले बी कर्व्हचे एमसीबी या झटक्यालाच पडतात आणि माणूस मशीनला शिव्या देतो. लांब एक्स्टेंशनवर चालवू नका. कॉम्प्रेसर बोर्डाजवळ ठेवा आणि हवेचा पाइप लांब घ्या, दहा मीटरचा, ८ एमएम बोअरचा.

व्होल्टेज कमी असलेल्या भागात राहत असाल तर पुढचं नीट वाचा. मोटरची ओढायची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात घटते. २३० च्या जागी १८० आलं, तर ताकद उरते साठ टक्के. आमच्या शेडमध्ये संध्याकाळी हाच प्रकार व्हायचा: टाकी रिकामी असताना मोटर सुरळीत सुरू, पण ६ बारला पुन्हा सुरू होताना नुसतं ‘हूंऽऽ’. दोन वेळा कपॅसिटर गेला. व्होल्टेजला दोष देत बसलो होतो, पण एक दिवस लक्षात आलं की मोटर बंद झाल्यावर जो ‘फुस्स’ आवाज यायला हवा तो येतच नाही. प्रेशर स्विचला एक बारीक नळी असते. मोटर थांबली की त्या वाटेनं हेडमधली अडकलेली हवा बाहेर सुटते, म्हणजे पुढच्या वेळी पिस्टनला मोकळं फिरता येतं. त्या स्विचमधला छोटा व्हॉल्व्ह चिकटला होता, म्हणून मोटर भरल्या हेडवर सुरू व्हायला धडपडत होती. व्हॉल्व्ह साफ केला, तेव्हापासून १९० लासुद्धा उठते. दुकानात मशीन चालवून बघताना हा ‘फुस्स’ ऐकाच. आणि मोटर थांबल्यावरही तिथून हवा बारीक येतच राहिली, तर दोष नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा (टाकीतली हवा मागे येऊ न देणारा).

पाण्याचं कुणी आधी सांगत नाही. आमच्याकडच्या पावसाळ्यात हवेच्या एका घनमीटरमध्ये २० ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ असते. तीच हवा नऊ पट दाबून गार झाली की बहुतेक पाणी टाकीतच गळतं. मिनिटाला ११० लिटरच्या हिशोबानं मशीन तासभर चाललं तर शंभर-सव्वाशे मिली, म्हणजे एक कप चहाएवढं. कोकणात असाल तर थोडं जास्तच धरा. हे पाणी गनमधून आलं की ओल्या रंगावर फोड आणि डाग पडतात. म्हणून गनच्या आधी फिल्टर-रेग्युलेटर लावा, पण कॉम्प्रेसरला चिकटून नको, पाइपच्या दुसऱ्या टोकाला लावा, तिथवर हवा गार होते आणि पाणी अडवता येतं. आणि टाकीच्या पोटाखालचा ड्रेन कॉक काम संपलं की रोज उघडा. माझ्या टाकीतून जुलैत तांबूस पाणी येतं. तो तांबूस रंग म्हणजे टाकीचा पत्राच आहे, आतून सुटलेला.

याच कारणानं भंगार बाजारातला कॉम्प्रेसर घेऊ नका. हेड, मोटर, स्विच जुनं चालेल, दुरुस्त होतं. टाकी बाहेरून कितीही ताजी रंगवलेली असो, आतून पत्रा किती उरलाय हे डोळ्यांना दिसत नाही. कुणी वेल्डिंगचं ठिगळ मारलेली टाकी दाखवली तर तिथून निघाच. घ्यायचीच असेल तर कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाला पाणी भरून हायड्रो टेस्ट करून घ्या. हवा भरून टेस्ट करू नका. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फाटली तरी गळते, उडत नाही.

प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपात हवेची लाइन टाकायची कल्पना कुणी ना कुणी देईलच. फुटला तर त्याच्या काचेसारख्या कपच्या उडतात. रबर होज किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ट्यूब घ्या. आणि रंगकाम करताना मशीन खोलीबाहेर ठेवा. थिनरच्या वाफा आणि प्रेशर स्विचची ठिणगी एका खोलीत नकोत.

कंपनीचं म्हणाल तर मी नाव सुचवत नाही. तुमच्या गावात ज्याच्या व्हॉल्व्ह प्लेट आणि रिंग मिळतात तो घ्या. विकत घेण्याआधीच स्पेअरच्या दुकानात जाऊन विचारा.

पैसे देण्याआधी दुकानात एवढं करा. टाकी पूर्ण रिकामी करायला सांगा, कॉक बंद, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि मशीन चालू करा. काटा ० वरून ८ बारला जायला किती वेळ लागला? टाकीचे लिटर गुणिले ८, भागिले मिनिटं. ५० लिटरला ३ मिनिटं २० सेकंद लागले तर ४०० भागिले ३.३३, म्हणजे मिनिटाला १२० लिटर, सव्वाचार सीएफएम. स्टिकरवर काहीही असो. मग थोडी हवा सोडून ६ ते ८ चा वेळही घ्या, कारण गन चालणार आहे ती दाबाच्या त्याच टप्प्यात, आणि तिथला आकडा आणखी थोडा कमी येतो. नवा कॉम्प्रेसर घेताना मी हे केलं तेव्हा दुकानदार आधी हसला. तिसरं मशीन लावलं तोवर तोही शेजारी येऊन सेकंद मोजत उभा होता.