दोन पोलीस दलांत मिळून एकच श्वानपथक ठेवलं तर परवडतं का?

तुम्ही विचारलंय की पथकाचा वर्षाचा खर्च कॉलच्या संख्येने भागला की ते परवडतं की नाही हे कळेल का. नाही कळणार. हाच भागाकार पुढे करून "पथक बसून खातं" असं हिशेबवाल्यांकडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

उत्तर आणि दक्षिण गोवा हे दोनच जिल्हे घ्या. आकडे समजण्यापुरते, मनाचे आहेत. प्रत्येकी वर्षाला 100 कॉल, आणि जाणं-येणं धरून कॉलमागे 4 तास. दोघांत एक पथक म्हणजे 8,760 तासांपैकी 800 तास काम, जेमतेम 9 टक्के. कागदावर बचतच बचत. पण त्यातले निम्मे कॉल नाताळ-नववर्षाच्या 30 दिवसांत आले, तर 720 तासांत 400 तास पथक बाहेर. जवळजवळ दर दुसऱ्या कॉलला ते आधीच कुठेतरी गुंतलेलं. दोघांची गर्दी वेगवेगळ्या वेळी असेल तरच वाटून घेण्यात फायदा असतो. उत्तरेतल्या कळंगुटला आणि दक्षिणेतल्या पाळोळेला डिसेंबर एकदमच येतो. सिंधुदुर्गाबरोबर वाटून घेतलंत तरी चतुर्थी दोन्हीकडे एकाच दिवशी.

आता अंतर. पणजी ते काणकोण साधारण 70 किलोमीटर. मे महिन्यात गाडीचा एसी बंद पडलेला असला की मागच्या पिंजऱ्यातला कुत्रा धापा टाकतच उतरतो. तोंडाने श्वास घेणारा कुत्रा वास नीट घेत नाही. त्याला सावलीत बसवा, पाणी द्या, थंड होऊ द्या. तोवर घटनास्थळ बघ्यांनी तुडवलेलं असतं, आणि पावसाळ्यात एक जोरदार सर आली तर मागच पुसला जातो. रजिस्टरात मात्र हा कॉल "पथक पोचले" असाच चढतो. म्हणून भागायचंच असेल तर वेळेत पोचून काम करता आलं तेवढ्याच कॉलने भागा.

याहून मोठी खोट रजिस्टरात दिसतच नाही. दोन-तीनदा उशीर झाला की ठाण्याचा निरीक्षक पथक बोलावणंच सोडतो. कॉल घटतात, कॉलमागचा खर्च फुगतो, आणि अहवालात शेरा येतो की मागणी नाही. मागणी असते, विश्वास गेलेला असतो. प्रत्येक ठाण्यात एक रकाना ठेवा : गरज होती, बोलावलं नाही, कारण काय. हा रकाना नसलेला मूल्यमापनाचा अहवाल मी वाचायलाही घेणार नाही.

खर्चाची बाजूही अर्धवट मांडली जाते. रजा, सुट्या, प्रशिक्षण वजा जाता माणूस वर्षाला 225 दिवस आठ तास मिळतो, म्हणजे 1,800 तास. चोवीस तासांची एक जागा भरायला पाच माणसं लागतात, तीन नाहीत. स्फोटकांचा आणि अमली पदार्थांचा कुत्रा एकच ठेवून पैसे वाचवू म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं, की वास लागल्याची खूण म्हणून कुत्रा बॅगेपाशी बसला तर हँडलरने, म्हणजे त्याला हाताळणाऱ्या पोलिसाने, बॅग उघडायची की लोकांना मागे हटवायचं? स्फोटकांच्या कुत्र्याचं प्रशिक्षण सुमारे सहा महिन्यांचं, माग काढणाऱ्याचं त्याहून लांब, आणि कामाची वर्षं सात-आठ. त्यामुळे बदली कुत्र्याची तरतूद निवृत्तीच्या वर्षभर आधी लागते. आठवड्याला किमान चार तास सराव हवा. तेही पथकाचं कामच आहे, रिकामा वेळ नव्हे.

पैसे कसे वाटायचे, यावर पथक कसं वापरलं जाईल ते ठरतं. इंग्लंड-वेल्समध्ये 2012 पासून पोलिसांची हेलिकॉप्टरं सामाईक आहेत, आणि तिथेही खर्चाच्या वाटणीवरून दलांमध्ये कुरबुर झालीच. फक्त कॉलवर पैसे लावले तर लोक फोन करायला कचरतात, फक्त ठरावीक वाटा लावला तर कमी वापरणारा चिडतो. माझ्या मते सत्तर टक्के ठरावीक, तीस टक्के वापरावर.

तुलना तीन पर्यायांत करा : दोन स्वतंत्र पथकं, एका तळावरचं एक पथक, किंवा एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली दोन तळ. गोव्यासाठी मी तिसरा पर्याय घेईन. पशुवैद्य, सराव, खरेदी एकत्र, पण कुत्रे पणजीकडे आणि मडगावला. कॉल आला, निघाले, पोचले, काम सुरू, काम संपलं, या पाचही गोष्टींची वेळ जूनपासून मेपर्यंत अख्खं वर्ष नोंदवा. जुलै-सप्टेंबरच्या नोंदींवरून डिसेंबरचा अंदाज बांधू नका.

हे सगळं कुत्र्यांबद्दल. बॉम्बनाशक साहित्य महाग आणि क्वचित लागणारं, ते वाटून घेणं बहुतेकदा योग्यच. वेर्ण्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळा राज्याला एक आहे ते ठीक, कारण नीट सीलबंद केलेला नमुना थांबू शकतो. घटनास्थळी जाणाऱ्या व्हॅनची गोष्ट वेगळी. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. राज्यांना ते टप्प्याटप्प्याने आणायला मुदत आहे, तरी व्हॅनची मागणी जुन्या कॉलवरून न काढता अशा गुन्ह्यांच्या संख्येवरून काढा.

आणि दुसरं दल राज्याबाहेरचं असेल तर कुत्रा जखमी झाल्यास भरपाई कुणाची, आणि हँडलर साक्षीसाठी पलीकडच्या कोर्टात गेला तर त्या दिवसाचा भत्ता कुणाचा व त्याच्या जागी कोण, हे करारात आधीच लिहून घ्या. समन्स दोन-तीन वर्षांनी येतं, तोवर करार करणाऱ्या दोन्ही अधिकाऱ्यांची बदली झालेली असते.