टॅरँटुलाच्या दीड सेंटीमीटरच्या पिल्लाला केवढं घर द्यावं?

फूटभर लांब, रुंद आणि उंच अशी काचेची टाकी तयार आहे, तिच्यात मेक्सिकन रेड नी (ब्रॅकिपेल्मा हमोरी) या टॅरँटुला जातीच्या मोठ्या कोळ्याचं दीड सेंटीमीटरचं पिल्लू सोडू का, असं तुम्ही विचारलंय. सध्या नको. जागा जास्त झाली म्हणून पिल्लू मरत नाही, पण त्याचं काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. खायला टाकलेला किडा एका कोपऱ्यात, पिल्लू दुसऱ्या. खाल्लं की नाही, कात टाकली की नाही, बिळाजवळची माती सुकली का, सगळा अंदाजपंचे कारभार. ‘एवढ्याशा डबीत कोंडायचं?’ हा विचार आपला. हे पिल्लू निसर्गातही बिळाच्या तोंडापासून लांब जात नाही.

शंभर मिलीची, घट्ट झाकणाची पारदर्शक प्लास्टिकची डबी घ्या; पार्सलसोबत चटणीला येते तसली, पण कोरी. माप पायांच्या पसाऱ्यावरून धरायचं, म्हणजे पुढच्या पायाच्या टोकापासून विरुद्ध बाजूच्या मागच्या पायाच्या टोकापर्यंत. डबीची रुंदी त्याच्या तिप्पट-चौपट पुरते.

भोकांत मात्र हयगय नको. कोळ्याचं पोट मऊ असतं, दाबून कुठूनही निघतं. अडते ती पुढच्या भागावरची कडक ढाल. भोक त्या ढालीपेक्षा बारीक हवं, आणि या वयाला एक मिलिमीटर ठीक. शिवणाची सुई पकडीत धरून तापवा, खिडकी उघडी ठेवा आणि मातीच्या पातळीच्या वर समोरासमोरच्या दोन बाजूंना सात-आठ भोकं पाडा, म्हणजे हवा आरपार खेळते. फक्त झाकणाला भोकं पाडली तर खालची दमट हवा तशीच कोंडून राहते. आतून बोट फिरवून बघा, धार लागली तर नेल फाइलने घासा. तारेची जाळी लावूच नका, पायाची नखी अडकून पाय तुटतो.

माती म्हणून खत न मिसळलेलं कोकोपीट. भिजवून मुठीत घट्ट पिळा, पाणी गळायचं थांबलं की भरा. डबीच्या अर्ध्याहून थोडं जास्त, बोटाने दाबून. मग भिंतीला लागून पेन्सिलीने तिरकं भोक पाडून द्या. पिल्लू बहुतेक वेळा तेच बीळ पुढे खणतं आणि तुम्हाला बाहेरून दिसत राहतं. पाण्याची वाटी आत्ता नको. ड्रॉपरने एका बाजूची माती ओलसर ठेवा, दुसरी सुकू द्या. मोठ्या रेड नीला कोरडं चालतं हे खरं, पण पिल्लाच्या कातडीतून पाणी फार लवकर उडतं. अगदी कोरड्या डबीत ते सुकतं, चिखल केला तर बुरशी आणि माइट्स (अगदी बारीक किडे) येतात. उरलेला किडा 24 तासांत काढा. कात टाकताना आत खायला टाकलेला जिवंत क्रिकेट (रातकिडा) असेल तर तोच कोळ्याला कुरतडतो.

डबीखाली हीट मॅट (विजेवर गरम होणारी चटई) ठेवू नका. उकडलं की कोळी बीळ खोल खणतो, म्हणजे नेमका मॅटच्या जवळ जातो. खोलीत 22 ते 28 अंश असेल तर काहीच लागत नाही. थेट ऊन मात्र एवढ्याशा डबीला काही मिनिटांत भट्टी करतं.

बिळाचं तोंड मातीने बंद दिसलं की लोक घाबरून उकरतात. उकरू नका, बहुतेक वेळा कात टाकायची तयारी असते.

हे सगळं जमिनीवरच्या जातींचं. उद्या कॅरिबेना व्हर्सिकलरसारखी झाडावरची जात आणलीत तर उभी डबी आणि आत सालीचा उभा तुकडा लागेल. ती जाळं झाकणाशी विणते आणि उघडताना दरवेळी फाटतं, म्हणून डबी उलटी ठेवून झाकण तळाला घ्या. हवा कोंडलेल्या ओल्या डबीत ही जात हमखास मरते.

भारतात असाल तर एक काम आधी. रेड नी साइटिस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

पसारा तीन-साडेतीन सेंटीमीटर झाला की अर्धा लिटरचा डबा आणि बाटलीच्या झाकणात पाणी. ही जात सावकाश वाढते, त्यामुळे घाई नाही. तुमची टाकी पसारा दहा सेंटीमीटरच्या पुढे गेल्यावर काढा, आणि तेव्हा तळाला किमान 15 सेंटीमीटर माती भरा. मातीपासून झाकणापर्यंतची उंची पसाऱ्याच्या दीडपटच हवी. जड झालेला कोळी काचेवर चढून त्याहून उंचावरून पडला तर पोट फुटू शकतं.